अल्बमचं शेवटचं पान

लोणारच्या बसस्टँडसमोर सईदचा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा गावात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सईद फोटो बरे काढतो, पण त्याची बायको चांगले काढते. हे सईद स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, त्यामुळे बिचाऱ्या लोकांना पाठीमागे कुजबुजायला काही उरत नसे.

त्या बायकोच्या, रुबिनाच्या, हातात कॅमेरा आला तो बीबी गावातल्या एका निकाहात. पुरुषांकडचे फोटो उरकून सईद बायकांच्या खोलीकडे वळला, तर नवरीची आजी उंबऱ्यात पाय रोवून उभी. "मरद अंदर नहीं आएगा." सईदनं विनवण्या केल्या, आजी हलेना. शेवटी पाहुणी म्हणून आत जेवायला बसलेल्या रुबिनाला त्यानं बाहेर बोलावलं, कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला आणि सांगितलं, "पाच पावलं लांब उभी राहा, बटन दाब, बाकीचं मी पाहतो." बाकीचं पाहायची वेळच आली नाही. फोटो धुऊन आले आणि सईदनं ते दोनदा-तीनदा पाहिले. त्याच्या फोटोंतली माणसं पंचनाम्याला उभी केल्यासारखी दिसत. हिच्या फोटोंत बायका हसत होत्या, एकमेकींच्या कानात बोलत होत्या, एक तर चक्क जिलबी खात होती.

त्यानंतर लोणार तालुक्यात जिथं जिथं बायकांची बैठक, तिथं तिथं रुबिना. निकाह, मेहंदी, हळद, बांगड्या भरणं, डोहाळजेवण. हिंदू घरांतूनही बोलावणं येई, कारण हळद लावताना पदर कुठं आहे याचं भान कुणालाच नसतं आणि तिथं परका पुरुष नको असतो. लोक रुबिनाला आत घ्यायचे ते तिच्या दोन नियमांमुळे. मेहकरच्या कलर लॅबमध्ये रोल द्यायचा तो स्वतः नेऊन, आणि फोटो हातात पडेपर्यंत तिथल्या बाकावरून उठायचं नाही. बिघडलेला, काळा पडलेला फोटोसुद्धा मागे ठेवायचा नाही. आणि अल्बम देताना निगेटिव्हही त्याच घरी द्यायचे. स्टुडिओत एकाही बाईचा एकही फोटो राहणार नाही, हा तिचा शब्द होता. दहा-बारा वर्षांत तो एकदाही मोडला नाही. हे लिहिताना मलाच बरं वाटतं, कारण शब्द पाळणारी माणसं म्हटली की लोकांना मोठ्या सभांतले वक्ते आठवतात, मेहकरच्या बाकावर बसून राहिलेली बाई आठवत नाही.

आता रोलची गोष्ट. एका रोलात छत्तीस फोटो. लग्न काही छत्तिसाच्या हिशेबानं संपत नाही. शेवटच्या रोलात चार-पाच जागा हमखास उरायच्या. सईद त्या जागा स्टुडिओच्या भिंतीवर, नाहीतर समोरच्या रसवंतीच्या बैलावर उडवून मोकळा व्हायचा. रुबिनाला ते पाहवेना. सकाळी आठला ती घरातून निघायची, गावाच्या टोकाशी जाऊन सरोवराच्या कड्यावरून खाली उतरायची, रोल संपवायची आणि अकराची मेहकरची बस धरायची. शहरातली माणसं पाठीवर मोठाल्या पिशव्या बांधून हेच करतात आणि त्याला ट्रेकिंग म्हणतात. रुबिना ते पायात चपला घालून, ओढणी कमरेला खोचून आणि बस चुकेल या धास्तीत करायची.

खाली तिनं कशाचे फोटो काढावेत? देवळं होती, मोर होते, हिरवं पाणी होतं. तिनं काढले ते पापडीचे, म्हणजे काठावरच्या चिखलावर पाणी आटल्यावर खारट पांढरा पापुद्रा उरतो, त्याचे. भेगाळलेल्या गाळाचे. काळ्या दगडाच्या फटीत धरलेल्या पिवळ्या बुरशीचे. आणि तेही इतक्या जवळून, की त्यात ना झाड यावं, ना आभाळ, ना सरोवर. पहिल्यांदा असा फोटो आला तेव्हा सईदनं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"इसमें है क्या?"

"पत्थर है."

"पत्थर का फोटो कोई क्यों निकालेगा?"

"दिनभर सबको बोलती हूँ, आँख मत झपको, पल्लू ठीक करो," रुबिना म्हणाली. "पत्थर आँख नहीं झपकता."

पण खरं कारण तेवढंच नव्हतं. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या पापडीवर बोटाएवढ्या सावल्या पडायच्या आणि त्यांत तिला काहीतरी मांडलेलं दिसायचं. कुणी मांडलं ते ठाऊक नाही, पण मांडलेलं होतं. पहिल्या नजरेला दिसेल ते ती काढायची नाही. गुडघे टेकून बसायची, एक डोळा मिटायची, थोडी सरकायची, आणि मग एकदम सगळं जागच्या जागी यायचं. त्या क्षणी तिला जो आनंद व्हायचा त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही, कारण बोलायला शब्द नव्हते आणि ऐकायला माणूस नव्हतं.

या फोटोंना जागा मिळाली ती तिच्या सासूमुळे. बानोबींचं म्हणणं होतं की लग्नाच्या अल्बमचं शेवटचं पान कोरं राहू नये, बरं नसतं ते. फोटो संपून पान उरलं की रुबिना तिथं आपला दगड नाहीतर आपली पापडी चिकटवायची. कुणी तक्रार केली नाही. कोऱ्या पानापेक्षा दगड बरा, असं असेल. अशा रीतीनं नवऱ्या सासरी गेल्या, त्यांच्याबरोबर अल्बम गेले, अल्बमबरोबर निगेटिव्ह गेले, आणि रुबिनाचे फोटोही पार गावोगावी नांदायला गेले. पुढचा फोटो येईस्तोवर मागचा घरातून निघून गेलेला असे. आपले दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवून तिनं कधी पाहिलेच नाहीत.

ते दिवस बीटी कापसाचे होते. नवं बियाणं आलं, पहिली काही वर्षं बोंडअळीचं नाव राहिलं नाही, आणि पौष सरला की लग्नांचा धडाका. कापूस बरा असला की अल्बम जाड व्हायचा. रुबिनाला अल्बम नुसता हातात घेऊन सांगता यायचं की हे कोणत्या सालचं लग्न. मग अल्बम हळूहळू बारीक होऊ लागले, रोल गेले, मोबाइल आले. नवरीची बहीणच आत बसून दोनशे फोटो काढू लागली. स्टुडिओच्या जागेत सईदनं झेरॉक्सचं मशीन टाकलं. रुबिनाचा कॅमेरा कपाटात गेला. चपला घालून ती अजूनही कधीमधी खाली उतरायची, पण हात रिकामे.

ज्या साली शेंदरी बोंडअळीनं वऱ्हाडातली बोंडं आतून पोखरली आणि लोकांनी उभ्या कापसात ट्रॅक्टर घातले, त्याच साली हिवाळ्यात शैलजाबाई झेरॉक्सच्या दुकानात आल्या. त्या बुलढाण्याहून बदलून आलेल्या शिक्षिका. त्यांच्या शेजारणीनं कौतुकानं आपला लग्नाचा अल्बम त्यांना दाखवला होता, आणि शैलजाबाईंनी नवरा-नवरी भराभर उलटून शेवटच्या पानावर अर्धा तास काढला होता. शेजारीण रुसली म्हणतात.

"तो फोटो तुम्ही काढलात?" त्यांनी विचारलं.

रुबिनानं झेरॉक्सचं झाकण खाली केलं. "कोणता?"

"पांढरा, रेघारेघांचा. शेवटच्या पानावरचा. तसे आणखी आहेत तुमच्याकडे?"

"हायेत ना. पन माह्याकडे नाहीत."

"मग कुठे आहेत?"

"लोकायच्या घरी."

शैलजाबाईंच्या शाळेत सव्वीस जानेवारीला सरोवराच्या चित्रांचं आणि फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. बाहेरगावचे दोन-तीन फोटोवाले मोठाले फोटो लावणार होते. शैलजाबाई रुबिनाला मुख्याध्यापकांकडे घेऊन गेल्या. नीळकंठसर माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीला कागद मागायची त्याला सवय होती.

"फोटो कुठायत?" सरांनी विचारलं. नाहीत म्हटल्यावर, "मग निगेटिव्ह?" तेही नाहीत म्हटल्यावर सर हसले. "बाई, मग ते तुमचेच कशावरून? उद्या कोणीही येऊन म्हणेल."

"निगेटिव ठेवले असते सर," रुबिना म्हणाली, "तं मले कोनं घरात घेतलं असतं?"

सरांना ते समजलं नाही. तरी त्यांनी कोपऱ्यातली एक भिंत तिच्या नावानं राखून ठेवली. पंचवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोटो आले तर ठीक, नाहीतर तिथं नकाशा लावू.

रुबिना तडक घरी आली. तिला राग आला होता आणि रागाखाली दुसरंच काही होतं. ते फोटो तिला एकत्र पाहायचे होते. एका भिंतीवर, शेजारी-शेजारी, एकदाच. आणि खाली आपलं नाव. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला एवढी इच्छा झाली तर त्यात हसण्यासारखं काय आहे? तिनं डोळे मिटले आणि फोटो आठवायला बसली. गंमत म्हणजे नवरी मुलींची नावं आठवेनात, पण फोटो एकूण एक आठवले. पापडीवर पाखराच्या पायाचा ठसा होता तो बीबीचा. गाळाच्या भेगांचा तो बीबीच्या पलीकडच्या खेड्यातला.

दुसऱ्या दिवसापासून ती निघाली. बीबीच्या फाट्यापर्यंत बस, पुढे पायी, वावरांच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधांवरून. दोन्ही बाजूंना अर्धवट उमललेली, डागाळलेली बोंडं. एका बोंडाशी ती थांबली. अळीनं पोखरलेल्या कापसावर पिवळे-तांबूस डाग पडले होते आणि त्यांत तेच होतं, मांडलेलं काहीतरी. तिचा हात मोबाइलकडे गेला. पलीकडे वावराचा मालक पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाया गेलेली झाडं, उपटत होता. तिनं हात मागे घेतला आणि चालू लागली. काही फोटो काढायचे नसतात, एवढं तिला कॅमेऱ्यानं शिकवलं होतं.

बीबीत नांदणाऱ्या महेजबीनच्या लग्नात रुबिनानं तीन रोल काढले होते. आता महेजबीनची पोरं चौथी-सहावीला. तिनं अल्बम काढला आणि शेवटचं पान उघडलं. पाखराचा ठसा तसाच होता.

"बच्चे बोलते हैं ये चाँद का फोटो है," महेजबीन म्हणाली. "मैंने भी वही बताया."

रुबिनानं वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सोडवला आणि फोटोच्या कडेला नख लावलं. पण पानाच्या गोंदानं बारा-तेरा वर्षांत फोटोला धरून ठेवलं होतं. कोपरा उचलला आणि टरकन फाटला. दोघींच्या तोंडून एकदमच "या अल्ला" निघालं. रुबिनानं तो नखाएवढा तुकडा जागेवर परत दाबून बसवला आणि प्लॅस्टिक खाली केलं. मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेऊन पाहिला, तर प्लॅस्टिकवर खिडकीच चमकत होती आणि पापडीचा पत्ता नव्हता.

पुढच्या खेड्यात गोजरबाई. साठीची बाई, आवाज असा की हाक मारली तर बसच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबावा. तिच्या सुनेच्या, बेबीताईच्या, हळदीला रुबिना गेली होती. गोजरबाईनं अल्बम मांडीवर घेतला आणि शेवटचं पान उलट्या बाजूनं धरून दाखवलं.

"हे पाह्य, हे माहं वावर हाय. हा धुरा, ही नाली, हे कोपऱ्यातलं बांधाकडचं तुकडं."

"मावशी, हा सरोवरातला गाळ हाय. अन् तुमी उलटा धरला."

"गाळावाचून वावर असते काय वं? अन् उलटा तुह्या मतानं. आमी बारा वर्सं असाच पाहून राह्यलो."

रुबिनानं मान वाकडी करून पाहिलं. म्हातारीचं बरोबर होतं. उलटाच चांगला दिसत होता.

प्रदर्शनाचं ऐकून गोजरबाई म्हणाली, "मंग फोटो निंघत नसंल तं अल्बमच घेऊन जाय. आमाले काय रोज लागते?"

दाराआड बेबीताई उभी होती. तिनं पदर पुढे ओढून घेतला. रुबिनाला त्या अल्बममधलं प्रत्येक पान आठवत होतं. पाठीवर मोकळे केस, हळदीनं माखलेले दंड, पोटरीपर्यंत वर गेलेलं लुगडं. शाळेच्या हॉलमध्ये सगळा गाव येणार. तिनं अल्बम मिटला आणि गोजरबाईच्या हातात परत दिला.

"नाही मावशी. हे बाहेरच्यानं पाह्यचं नाही, असं मीच तुमाले सांगतलं होतं. आता मीच नेऊ काय?"

तिसऱ्या घरी, चौथ्या घरीही तेच. फोटो निघेना, आणि अल्बम मागायला तिची जीभ रेटेना. चोवीस तारखेला ती परत आली आणि शैलजाबाईंना सांगून आली की सरांना म्हणा, नकाशा लावा. त्या वेळी तिनं आवाज कापू दिला नाही. घरी येऊन मात्र ती जी रडली, की सईदनं झेरॉक्सचं दुकान दुपारीच बंद केलं आणि चहा करून तिच्याजवळ बसून राहिला.

"शब्द दिया था," ती म्हणाली.

"दिया था," सईद म्हणाला. "और रखा भी. अब रो ले."

सव्वीस तारखेला तिला जायचं नव्हतं. सईदनंच ओढून नेलं. झेंडावंदन झालं, लाडू वाटले, आणि लोक हॉलमध्ये शिरले. मोठमोठे फोटो होते, देवळांचे, मोरांचे, सूर्यास्ताचे. कोपऱ्यातल्या भिंतीवर नकाशा अजून लागला नव्हता. शैलजाबाईंनी तो मुद्दाम हरवला होता, असं त्यांनी नंतर कबूल केलं.

तेवढ्यात दारातून गोजरबाईचा आवाज आला. "फोटोवाली कुठं हाय?"

तिच्यामागे बेबीताई, तिच्यामागे महेजबीन आणि तिची नणंद, आणि आणखी बायका, काही ओळखीच्या, काहींचे फक्त चेहरे आठवणीतले. प्रत्येकीच्या हातात पिशवी. बेबीताई पुढे आली, पिशवीतून अल्बम काढला आणि कोपऱ्यातल्या बाकावर ठेवला. अल्बमला जुन्या लुगड्याची खोळ शिवलेली होती. गोधडीला घालतात तसे बारीक, घट्ट टाके. पुढची सगळी पानं त्या खोळीत बंद. एक शेवटचं पान तेवढं बाहेर ठेवलेलं, उघडं.

"तुमी गेल्यावर मले सुचलं," बेबीताई खालमानेनं म्हणाली. "पऱ्हाटी उपटाले आलेल्या बायायले सांगतलं. त्यायनं बाजारात सांगतलं. ज्याच्या त्याच्या घरी ज्यानं त्यानं शिवलं."

एकामागून एक अल्बम बाकांवर आले. निळ्या लुगड्याची खोळ, ओढणीची खोळ, एक तर नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची, बटणांसकट. त्या साली कापूस गेला होता, यांतल्या निम्म्या घरांत नवं लुगडं आलं नव्हतं, आणि जुन्यातलं फाडून यांनी हे शिवलं होतं. जाड अल्बम, बारीक अल्बम. आणि प्रत्येकाच्या शेवटी रुबिनाचा एक फोटो. पापडी, भेगा, पिवळी बुरशी, काळा दगड. तिचे फोटो पहिल्यांदाच शेजारी-शेजारी आले होते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. सगळे एकाच नजरेनं पाहिलेले होते. हे आपण केलं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला जराही लाज वाटली नाही.

हळूहळू मोरांसमोरची माणसं इकडे सरकली. कुणी म्हणे हे आभाळ, कुणी म्हणे हे विमानातून दिसणारं गाव. गोजरबाई प्रत्येकाला आपलं वावर दाखवत होती, उलटं धरून.

नीळकंठसर आले. एकेक पान वाकून पाहत शेवटपर्यंत गेले आणि पसंतीनं मान डोलवू लागले. मग सवयच ती, त्यांनी बेबीताईच्या अल्बमची खोळ बोटानं जराशी उचलली. "आत तारीखबिरीख असेल ना? स्टुडिओचा शिक्का? म्हणजे नोंद करता येईल."

गोजरबाईचा हात त्यांच्या मनगटावर पडला. 

"सर, पुढचं सारं आमचं हाय," ती म्हणाली. "शेवटचं पान तिचं हाय. तेवढंच पाहा."

"पण मावशी, पुरावा..."

"आमी येवढ्या जनी आलो, थो काय हाय मंग?"

सरांनी बोट काढून घेतलं. बायकांकडे पाहिलं, त्यांच्या हातांकडे, टाक्यांकडे. मग खिशातून पेन काढलं, नकाशाखाली नाव लिहायला कापून ठेवलेला कोरा कागद शैलजाबाईंकडून मागून घेतला, आणि रुबिनाला विचारलं, "नाव कसं लिहू?"

सईद मध्येच काही बोलणार होता, पण तिनं त्याला थांबवलं आणि आपलं नाव स्वतः सांगितलं.